सरकारकडे अडकलेला तास

मी, भगवानराव वल्द उकंडराव राऊत, वय चौसष्ट, धंदा भाजीपाल्याची बागाईत, पूर्वी इथल्या एका कापसाच्या जिनात तासाचे टोल देण्याच्या नोकरीवर, राहणार मलकापूर, जिल्हा बुलढाणा, वऱ्हाड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. गुडघे सोडून बाकी सर्व शाबूत आहे. डोकेही ठिकाणावर आहे. याबद्दल जावयांचे मत निराळे असले तरी ते विचारात घेण्याचे कारण नाही.

आजच लिहिण्याचे कारण असे की, पत्रिकेप्रमाणे येत्या नागपंचमीस सकाळी सव्वादहा वाजता माझे आयुष्य संपते. मी जन्मात कुठे उशिरा गेलो नाही (एक अपवाद पुढे येईल), तेव्हा तिथेही जाणार नाही. आदल्या दिवशी दाढी करून ठेवीन. अडचण एकच आहे. लढाईपायी सरकारने बेचाळीस सालच्या सप्टेंबरात सगळी घड्याळे एक तास पुढे केली, आणि माझे सव्वादहा जुन्या टाइमाचे की नव्या, हे जोशीबुवांना सांगता येईना. शेवटी म्हणाले, दोन्ही वेळा तयार राहा.

कलम १. राहते घर, विहीर आणि वांग्याची बाग माझी पत्नी रुखमाबाई हिला. घराच्या पूर्वेस हिंमतराव बोदडे यांची भिंत आहे. त्यांचा कोंबडा बारा वर्षे रात्री दोनला आरवतो व ते त्याला काही बोलत नाहीत. याची मी त्यांना माफी देत आहे, कोंबड्याला नाही.

कलम २. लंबकाचे घड्याळ मुलगा उत्तमराव यास. तो दहावा महिना भरून गेल्यावर जन्मला आणि तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी तसाच पोचतो. पोचल्यावर मात्र लोक त्याला पाहून खूश होतात. मला पाहून कोणी झाल्याचे आठवत नाही. घड्याळास त्याने चावी देऊ नये. आत सुपारी ठेवावी.

कलम ३. काळी छत्री जावई पंजाबराव यांस. हिची हकीकत लिहिणे भाग आहे. माझी मुलगी वच्छला हिच्या लग्नात वऱ्हाडाच्या गाड्या नाल्यात रुतल्या आणि मुहूर्त आला. मी म्हणालो, मुहूर्त कोणासाठी थांबत नसतो. अंतरपाटाच्या पलीकडे नवरदेवाच्या पाटावर ही छत्री उभी केली, मंगलाष्टके म्हणायला लावली आणि अक्षता टाकल्या. तासाभराने पंजाबराव गुडघाभर चिखलात आले. मांडवात पंगत बसलेली पाहून त्यांनी विचारले, "माह्यं लगन झालं काय?" पुन्हा अक्षता टाकाव्या लागल्या. पण आजही पाऊस आला की ते वच्छलेला म्हणतात, तुझ्या पहिल्या नवऱ्याला घे. छत्री त्यांच्या ताब्यात जावी आणि हे प्रकरण मिटावे.

कलम ४. टोलाची लाकडी मोगरी. एकवीस वर्षे हिच्या आवाजावर निम्मे मलकापूर जेवले. घरीही मी हिनेच तवा बडवून कामे लावीत असे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेरूने वेळापत्रक लिहिले आहे: पाणी, सडा, भाकरी, झोप, आणि सायंकाळी सात ते सव्वासात हसणे. त्या पंधरा मिनिटांत रुखमाबाईला कधी हसू आले नाही. दोष मी तिला देत असे. मोगरीने आता गोधड्या धुवाव्यात, भिंतीला चुना द्यावा.

कलम ५. हे मुख्य.

नवा टाइम आला तेव्हा मी तो मानला नाही, कारण सूर्याने मला तशी नोटीस दिली नव्हती. नातवाच्या बारशाला शेगावला जायचे होते. रुखमाबाईला घेऊन मी जुन्या टाइमाने बरोबर वीस मिनिटे आधी स्टेशनात गेलो. गाडी निघून गेली होती. पुढची गाडी दुपारची.

ती बाकावर बसली, पाय पसरले, फडके सोडले आणि भाकरी-ठेचा काढला. जेवायची वेळ नव्हती तरी आम्ही जेवलो. मग ती बोलायला लागली. लहानपणी तिला पोहता येत होते, हे मला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हते. मध्येच थांबून म्हणाली, "तुमच्याजवळ असं बसाले मले पयल्यांदाच भेटून राह्यलं." आणि हसली. तेव्हा किती वाजले होते ते मी पाहिले नाही. मला फार वाईट वाटले आणि फार बरेही वाटले. शेगावला पोचलो तेव्हा बाळ झोपले होते. त्याचे काही अडले नव्हते.

तर, सरकारने माझा एक तास नेला आहे व लढाई संपल्यावर तो परत करणार, असे जाणते लोक सांगतात. माझ्यामागे तो आल्यास संपूर्ण, न तोडता, रुखमाबाईला मिळावा. उत्तमरावाचा त्यावर हक्क नाही. त्या तासात तिला कोणी हाक मारू नये.

येथे मजकूर संपला होता. सहीपूर्वी तिला वाचून दाखवावा म्हणून बोलावले. ती वांगी तोडीत होती. साक्षीला आलेल्या हिंमतरावांना बाजाराची घाई होती, तरी सर्वांना बसवून ठेवले. ती आली, पदराला हात पुसत सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "एकटीनं घिऊन त्या तासाचं मी काय करू? तो वापस येऊ द्या, मंग दोघं बसू. तवरोक नोका जाऊ."

कलम ६. सबब नागपंचमीस जाण्याचे रद्द केले आहे. घड्याळे मागे येईपर्यंत मरणास उशीर करण्याचे मी लेखी कबूल करतो. जोशीबुवांना तसा निरोप उत्तमरावाबरोबर धाडला आहे. तो केव्हा पोचेल ते सांगता येत नाही. तास परत आल्यावर मी रुखमाबाईजवळ बसेन. त्यापुढे केव्हा निघायचे ते ती सांगेल.

वाचून, समजून, सही केली.

भगवानराव उकंडराव राऊत

साक्षीदार: हिंमतराव बोदडे, दस्तुरखुद्द
साक्षीदार: कारभारी तायडे, निशाणी डावा अंगठा

मुक्काम मलकापूर, तारीख ११ जुलै १९४४