लालबागच्या गाळ्याचं कलम

चि. उन्मेष,

लालबागचा गाळा पाच जणांत घेताना मीच म्हणत होते, नात्यात वकिलाची फी कशाला भरायची? तू चिडलास. "ताई, करारात लिहूनच घे, हप्ता चुकवेल त्याचा हिस्सा गेला."

तुझ्या लेकीच्या, प्राचीच्या ऑपरेशनपायी तुझाच हप्ता चुकला. बाकीच्या तिघांनी तेच कलम पुढे केलं. करारात मुख्य भागीदार मी, म्हणून नोटिशीवर सही माझी. नोटिशीचा खर्चही तू आधी भरलेल्या पैशांतूनच कापणार आहेत. सही केली नसती तर माझाही हिस्सा अडकला असता. केली रे.

भाऊबीजेला येशील ना, एवढंच विचारायचं होतं. वकील म्हणाले, हे मिटेपर्यंत त्याला फोन नको, चिठ्ठीही नको.

तुझी,
मीनाताई