महाराजांचा विडा आणि माझं तिकीट

२ ऑगस्ट
संकल्प: यंदा आमदार व्हायचंच. अंबेखिंडचं संस्थान गेलं, पण महाराजांनी संस्थान प्रजा पक्ष काढून गादीचं नाव राखलं. माझे पणजोबा त्या दरबारातले मानकरी. म्हणजे तिकिटावर पहिला हक्क माझा. इथे सिंगापूरला आयटीत नऊ वर्षं फुकट गेली.

६ ऑगस्ट
महाराजांचे सेक्रेटरी शिरीषराव यांचा फोन! महाराज गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इथल्या नोव्हेना हॉस्पिटलात येतायत, भेटायला बोलावलंय. अनुयालाही आणा, असं दोनदा बजावलं. उमेदवाराची बायकोही पारखतात. अनुया म्हणाली, मी तिथलीच फिजिओथेरपिस्ट, रोज तिथेच असते. तिला राजकारण कळत नाही.

११ ऑगस्ट, सकाळ
रीत अशी की महाराजांना पाठ दाखवायची नाही, उलटं चालत निघायचं. पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये सराव केला. शेजारच्या आजींची कुंडी फुटली. लेक ऋग्वेदा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, सो एम्बॅरसिंग लाह.

१४ ऑगस्ट
नोकरीत अडकलेल्याला तिकीट देतील? शिरीषरावांना विचारलं नाही. मानकरी मागत नसतो. राजीनामा मेल केला. नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहायचा परवानाही जाणार. जाऊ दे. अनुयाला तिकीट मिळाल्यावर सांगेन.

१५ ऑगस्ट, दुपारी ४
आत्ताच महाराजांना भेटून आलो. महाराजांसमोर तबकात विडा होता. आमच्याकडे कामगिरी अशीच देतात: महाराज काम सांगणार, विडा उचलेल त्याने ते पत्करलं. उचललेला परत ठेवता येत नाही. प्रबोधराव, निवडणूक तोंडावर आली, एवढं महाराज म्हणाले आणि मी विडा उचलून तोंडातच टाकला.
मग त्यांनी वाक्य पुरं केलं. राणीसाहेब उभ्या राहतायत, सगळे प्रचारात. तेव्हा ऑपरेशननंतर सहा आठवडे आम्ही तुमच्याकडे राहू, अनुयाताई व्यायाम घेतील.
विडा गिळवेना, थुंकवेना.

१६ ऑगस्ट
राजीनामा मागे घ्यायला गेलो. मंजूर झाला होता, फेअरवेलचा केकही ठरला होता. घरी अनुयाला सगळं सांगितलं. तिने लॅपटॉप उघडून पासचे नियम वाचायला घेतले. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. शेवटी म्हणाली, माझ्या पासवर डिपेंडंट म्हणून अर्ज करू.
तात्पुरतं आहे. पुढची निवडणूक पाच वर्षांनी.

२० सप्टेंबर
महाराज आमच्या बेडरूममध्ये, आम्ही तिघं हॉलमध्ये. अनुया ड्यूटीवर गेली की व्यायाम मी घेतो. ते वॉकर धरून पुढे येतात, मी त्यांच्याकडे तोंड करून उलटा चालतो. आज लिफ्टपर्यंत गेलो. आजींची नवी कुंडी शाबूत.
महाराज खूश. फोनवर शिरीषरावांना म्हणाले, अनुयाताईंनी ठेवलेला माणूस चांगला आहे.
नाव आठवलं नसेल. वय झालंय त्यांचं.