आल्या स्थितीत

शनिवार, १४ तारीख, दुपार

प्रिय छोट्या,

तू आणि पोरं बरी असाल. इथे बाबा आणि मी ठीक. काल फोन मीच आपटला. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतलाय.

आधी तुझं खरं ते मानते. ‘परदेशातून मागवतेयस ना, मग माझ्या कार्डानेच पैसे भर. माल खराब निघाला तर बँक परत मिळवून देते,’ असं तूच म्हणालास. आणि निघालाच की खराब! काजं करायचं नवं मशीन म्हणून त्या मेल्यांनी जुनाट मशीनला रंग फासून पाठवलं. पहिल्याच शर्टाचं काज फाडलं. फोटो पाठवले तर म्हणे, तुम्हाला चालवता येत नाही. मला! वीस वर्षं शर्ट शिवतेय मी! तळपायाची आग मस्तकात गेली.

तुझी बँक तरी धड वागली. दावा मान्य, पैसे सगळे परत, फक्त मशीन ‘आल्या स्थितीत’ येत्या शुक्रवारपर्यंत परत पाठवा. तू रोज विचारायचास, पाठवलं का? आणि मी रोज थापा मारायचे. खोका मिळत नाही, गाडीवाला आला नाही. खोका पलंगाखालीच आहे.

मशीन चालतंय रे. बाबांनी दुरुस्त केलं.

मी कापड आणायला गेले होते. परत येऊन बघते तर टेबलावर सगळे स्क्रू ओळीने मांडलेले आणि बाबा भिंग लावून आत बघतायत. आजारपणानंतर त्यांच्या उजव्या हातात कपसुद्धा नीट राहत नाही, तर डाव्या हाताने कानस चालवत होते. ‘कुठल्या गाढवाने जोडलंय हे?’ म्हणाले. आतलं झिजकं चाक काढून त्यांच्या डब्यातलं एक चाक घासून घासून बसवलं. तीन दिवस लागले. त्यांचं दुरुस्तीचं दुकान आपण दोघांनी विकल्यापासून हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा. आता सकाळी उठल्या उठल्या विचारतात, ‘आज किती शर्ट?’

काल हे सगळं तुला सांगितलं, तर तू काय म्हणालास? ‘मग ते झिजकं चाक परत बसव आणि पाठवून दे. बँकेला काय कळतंय?’ जिभेला काही हाड? लबाडीचा राग आला म्हणून आपण दावा केला ना? मग आपणही तेच करायचं?

आणि बाबांनी बसवलेलं चाक काढायला मला येत नाही. या घरात ते एकाच माणसाला येतं.

तेव्हा दावा मागे घे. तुझे पैसे मी काजं करून करून फेडीन. ते नको असेल तर शुक्रवारच्या आत इथे ये, बाबांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दे आणि तूच सांग, ‘बाबा, होतं तसं बिघडवून द्या.’ मी त्या खोलीत थांबणार नाही.

सोबत शर्ट पाठवतेय, तुझ्या मापाचा. काजं बाबांनी स्वतः केलीत. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून बघ, आणि मग काय ते कळव.

अजून रागातच असलेली,
ताई