फाटक उघडल्यानंतरची कोंडी

माय, तुझं फाटक बंद झालं. कायमचं. त्याच्यावरून आता पूल गेलाय, आणि पिंगळीकडून येणारी एस्टी परभणीत शिरेपर्यंत कुठं खोळंबत नाही. आपल्या क्वार्टरची एक भिंतही राहिली नाही. जिथं तुझी चूल होती तिथं पुलाचा खांब आहे. उद्घाटनाला मी गेले होते, कुणी बोलावलं नव्हतं तरी. आणि स्टेजवर कोण असावं? ती. तुझी ती एस्टीतली कॉलेजची पोर. पूल तिच्याच देखरेखीखाली झालाय म्हणे, मोठी इंजिनिअर आहे आता. माइक हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "या फाटकानं मला रोज उशीर केला, पण याच फाटकानं मला एक माय दिली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या खुर्चीत बसून होते, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. फाटकानं दिली म्हणे! तू काय फाटकाची होतीस? माझी होतीस.

तुला ते फाटक मी काय सांगायचं, पण मला आठवू दे. बाबा तिथले गेटमन. स्टेशनातून फोन आला की ते चाक फिरवून फाटक खाली घ्यायचे, आणि मालगाडी असली की मग बघायलाच नको. उसाचे ट्रॅक्टर, एस्टी, जीपा, मोटारसायकली, दोन्हीकडं साचत जायचं सगळं. त्यातही आपल्या लोकांची खोड अशी, की आपल्या बाजूला रांग लागली की मागचे शहाणे उजवीकडून पुढं येऊन समोरच्यांच्या बाजूलाही उभे राहायचे. पलीकडचेही तेच करायचे. गाडी निघून जायची, बाबा फाटक वर घ्यायचे, आणि दोन्ही फौजा समोरासमोर! रूळ मोकळे, फाटक उघडं, आणि एकाला हलता येत नाही. मग हॉर्न, मग शिव्या. तू पिठाच्या हातानं बाहेर येतेस, पदर खोचतेस आणि एका धिप्पाड ड्रायव्हरला म्हणतेस, "ओ मामा, गाडी माघारी घ्या की जरा. आमी काय इथं तुमची सोयरीक जुळवायलाव का?" माणसं हसतात. सुटायला वेळ लागणारच असतो, म्हणून तू कळशी आणि तांब्या घेऊन निघतेस. काही जण पाणी घेण्याआधी आडनाव विचारायचे. तू म्हणायचीस, "रेल्वेचं पानी हाय. प्यायचं तर प्या, न्हाई तर ऱ्हाव द्या." बहुतेक जण प्यायचेच, उन्हापुढं कुणाचं चालतं! बाबा कुरकुरायचे, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." पण तुला ते घोडंच आवडायचं. घरात कधी न दिसलेलं तुझं हसू मी त्या रस्त्यावर पाहिलंय.

आता मी तंत्रनिकेतनात शिकवते. हा कोंडीचा धडा आला की दरवर्षी माझा आवाज चढतो, पोरांना वाटतं मॅडम रंगात आल्या. मी सांगते, गर्दी वेगळी आणि कोंडी वेगळी. आठवडी बाजारात गर्दी असते, तरी माणसं सरकत राहतात. सगळ्यांना एकाच वेळी एकाच वाटेनं जायचं असतं आणि वाटेला तेवढं झेपत नाही, तेव्हा कोंडी होते. रस्त्यावर तुंबलं तर माणसं निदान थांबू शकतात. मोबाइलच्या नेटवर्कात तुंबलं तर माहितीची काही पाकिटं गळून पडतात, मग पाठवणारी यंत्रणा आपणहून हात आखडता घेते, हळू पाठवते, गळालेली पुन्हा पाठवते. विजेचं मात्र अवघड. वीज रांगेत उभी राहत नाही. तारेला झेपेल त्यापेक्षा जास्त ओढली की तार तापते, आणि बाकीच्यांचा उजेड टिकवायला कुणाचा तरी बंद करावा लागतो. परवा मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "पण मॅडम, फाटक उघडल्यावर बी लोक कामून अडकायचे?" मी म्हटलं, कारण प्रत्येकजण दुसऱ्याची वाट अडवून स्वतःच्या वाटेची वाट बघत होता. आणि तिनं दुसरा प्रश्न विचारला, "मग वीज बंद करायची तर कुनाची करायची, हे कसं ठरवतात?" पुस्तकातलं उत्तर मी दिलं. मनातलं दिलं नाही. जो ओरडत नाही त्याची करतात, बाई. आमच्या घरात भारनियमन कायम माझ्याच वाट्याला होतं.

ती तुझी कॉलेजची पोर रोज एस्टीनं परभणीला जायची, डिप्लोमाला. तिची बस आपल्या दारात अडकली की तू खिडकीखाली जाऊन हाक मारायचीस, "ये गं बाई खाली, उन्हात कामून भाजायलीस?" आणि ती यायची. तिला ओसरीत बसवून भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी, चटणीवर तेलाची धार. माझ्या चटणीवर तेल मागितलं तर, "लय चोचले झालेत." तिची वेणी विस्कटलेली असायची, तू ती सोडून परत घालायचीस, सावकाश, जणू मालगाडीला अंतच नाही. माझी वेणी तू अशी ओढून बांधायचीस की डोळे ताणले जायचे. तिचा आजोळचा काय त्रास, तिच्या लग्नाची कशी घाई चाललीय, सगळं तुला पाठ. मला गणितात किती पडले हे तुला शेजारणीकडून कळायचं. गावाकडून पत्र आलं तरी तू ते तिच्याकडून वाचून घ्यायला ती येईपर्यंत फळीवर ठेवायचीस. "तू लय घाईनं वाचतीस," म्हणायचीस मला.

त्या सकाळचं तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिचा शेवटच्या वर्षाचा पेपर होता आणि माझा दहावीचा. फाटक उघडलं, आणि नेहमीसारखं दोन्हीकडून गच्च. तिची एस्टी मधोमध. ती रडकुंडीला आलेली. तू तिचा हात धरलास, ट्रॅक्टरांच्या मधून तिला पार पलीकडं नेलंस, परत वळणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याला अडवलंस आणि त्याच्या मागं तिला बसवून दिलंस. मी दारात उभी, पॅड छातीशी धरून. तू परत आलीस, मला पाहिलंस आणि म्हणालीस, "अगं, तू अजून हितंच? जा की रुळाच्या कडंनं चालत. तुझं काय, तू घरचीच हाईस." मी गेले. वेळेवर पोचले, पेपरही चांगला गेला. तक्रार करायला तू मला जागाच ठेवली नाहीस, त्याचाच मला अजून राग येतो. घरचीच! घरच्या माणसानं अडकायचंच नाही, रडायचंच नाही, म्हणून त्याच्यासाठी कुणी ट्रॅक्टरांच्या मधून वाट काढायची नाही. मी पण त्या एस्टीत अडकले असते तर तुझी झाले असते का गं?

मी जळते तिच्यावर, माय. या वयात, केस पांढरे झालेत तरी जळते. तिनं पूल बांधला म्हणून कमी, आणि तू वारलीस तेव्हा ती आपल्या ओसरीत माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली म्हणून जास्त. बाया तिलाच धरून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "तू जरा चहाचं बघ."

उद्घाटनानंतर आठवड्यानं ती माझ्या घरी आली. पत्ता शोधत आली. जिना चढून दमली होती, गुडघे दुखतात म्हणाली. चहा घेता घेता म्हणाली, "ताई, एक मागू का? मायचा फोटो असंल तर द्या ना. आवाज ध्यानात हाय, पण चेहरा पुसट व्हायलाय." माझ्याहून मोठी, आणि मला ताई म्हणते! डोळ्यांत पाणी होतं तिच्या, खोटं नव्हतं. मी म्हटलं, फोटो नाही. त्या काळी आपल्यात कोण फोटो काढायचं? तिला ते पटलं. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमी नशीबवान, रोज बघितलंय तुमी मायला." मी दार लावून घेतलं.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. टाकायला पत्ता उरला नाही हे एक, आणि खरं म्हणजे ते तुला मिळालं असतं तरी तू फळीवर ठेवून तिची वाट बघितली असतीस. फोटो आहे, माय. वऱ्हाडाच्या जीपमधला एक फोटोग्राफर फाटकावर अडकला होता, त्यानं गंमत म्हणून काढलेला. तू ओसरीत बसलीयेस, पुढ्यात ती, तिची अर्धी वेणी तुझ्या हातात, आणि तू मान वर करून हसतेयस. मी तो मधोमध दुमडून तिला मागच्या बाजूला घातलीय आणि फ्रेम केलीय. फ्रेममध्ये तू एकटी आहेस, तुझा एक हात कडेला जाऊन संपतो. तू हसतेयस ती समोर, कॅमेऱ्याकडं बघून, आणि त्या फोटोग्राफरच्या मागं पाण्याचा तांब्या घेऊन मी उभी होते, तुला वेडावून दाखवत होते. तू मलाच बघून हसलीस हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी ती घडी मी अजून उलगडलेली नाही.