वॉकरला लावलेला कॅमेरा

दादा,

बाबांना व्यायामाच्या बाईंकडे घेऊन जातेय, एकपर्यंत येऊ. जेवण झाकून ठेवलंय. ताट मात्र स्वतः वाढून घ्यावं लागेल.

तुझा कॅमेरा टेबलावर आहे. बाबांच्या खोलीत स्टँड मावत नाही म्हणून काल तू तो क्लॅम्पने वॉकरच्या दांडीला आवळलास. खिडकीला गज आहेत, पलंगाला कठडा आहे, पण साहेबांना नेमका वॉकर सापडला. वॉकर जागचा हलतो हे तुला ठाऊक नसणारच. बाबांना चालताना तू पाहिलंयस कधी?

'वडिलांची सेवा' असा व्हिडिओ करायचा होता ना तुला? झालाय तो. कॅमेरा चालू ठेवून तू फोन घ्यायला गॅलरीत गेलास. बाबांना बाथरूमला जायचं होतं. त्यांनी तुला दोन हाका मारल्या आणि मग वॉकर धरून एकटेच निघाले. कॅमेरा निघाला त्यांच्यासोबत. एकेक पाऊल टाकत, थांबत थांबत गेलेले बाबा त्यात आहेत, आणि गॅलरीतून येणारा तुझा आवाजही अगदी स्वच्छ आलाय: "बाबांचं सगळं मीच बघतो रे. छोटीला कुठे जमतंय."

सकाळी आम्ही दोघांनी ते पाहिलं. निघताना बाबांनी फक्त, तू क्लॅम्प लावला होतास ती दांडी साबणाच्या फडक्याने पुसून घ्यायला सांगितली.

छोटी