लाल स्पंजाचं बारसं

प्रिय फुई,

उद्या मला एक नाव पक्कं करून पाठवायचं आहे, म्हणून लिहितेय. लक्षद्वीपच्या प्रवाळात मला सापडलेला स्पंज अजून कुणीच नोंदवलेला नाही, हे आता सिद्ध झालं. त्याला कायमचं काय म्हणायचं, ते शोधपत्रिकेचे संपादक विचारताहेत. तुला जाऊन वर्षही झालं नाही, आणि मी मात्र तुझ्यावर रागावूनच लिहितेय. चालेल ना?

स्पंज म्हणजे काय, ते प्रकाशा गावातल्या आपल्या घरी ओट्यावर शेंगा सोलताना तुला सांगितलं होतं. खडकाला चिकटलेला प्राणी. पाणी आत घेतो, गाळून बाहेर सोडतो.

"मंग दिनभर करस काय?"

"बठी ऱ्हास."

"सुखी शे बापडा."

तू कधी बसली होतीस गं? लग्नाला वर्ष होण्याआधीच विधवा होऊन भावाच्या घरी आलीस ती चुलीपाशीच. सगळं घर तुझ्या हातचं जेवलं आणि तुझ्या जिभेला भ्यालं.

माझ्या भावाच्या मुलाचं बारसं आठवतं? बाळाची आत्या, म्हणजे फुई, मी. नाव ठेवायचा मान माझा. आठवडाभर नाव मनात घोळवलं होतं. कानात कुर्रर्र करायचं, मग बायका पाठीत धपाटे घालतात. खरं सांगू, मला ते धपाटेसुद्धा हवे होते. मी पाळण्याकडे वाकले आणि तू भरल्या घरात म्हणालीस, "तू सरक. तुले सोतानं व्हयनं नही, आनी दुसरासना पोऱ्याले नाव ठेवाले निंघनी."

वहिनी बाळाचं टोपडं नीट करू लागली. भाऊ मोबाइलमध्ये. चुलतबहिणीने नाव ठेवलं. तिला दोन मुलं होती.

मला इतरांचं काही वाटलं नाही. पण तू? माझ्या बारशाला तू एकुलती एक फुई होतीस, आणि विधवा म्हणून तुला स्वयंपाकघरात बसवलं होतं. आईनेच सांगितलं मला. नेमकं कुठे दुखतं ते तुला ठाऊक होतं. म्हणूनच नेम चुकला नाही का?

या स्पंजाला मी पहिल्यांदा हातमोजा न घालता हात लावला. बोटं सुजली, रात्रभर जळत राहिली. लाल रंगही टिकत नाही. अल्कोहोलमध्ये ठेवला की उतरतो, मागे मळकट गोळा राहतो. ओळख पटते ती आतल्या सुयांवरून. छोटा तुकडा आम्लात उकळायचा. मांस विरघळतं आणि काचेसारख्या बारीक सुया तळाशी उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा आकार बघायचा, मापं घ्यायची. मी त्या बघत होते आणि तू आठवत होतीस.

शेवटच्या दुखण्यात तू विचारलंस, "सापडना त्याले नाव कोन ठेवस?"

"मी."

तू छताकडे बघत होतीस. "मन्हं ठेवशी? मन्हं नाव कोठेच नही. भांडासवर बी तुन्हा बापनं शे."

"फुई, त्याले हात लावा का आग व्हस."

तू हसलीस. "मंग ते मन्हंच शे."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. तुला थोडं तिष्ठत ठेवलं. छान वाटलं मला, फुई.

एक गोष्ट मात्र तुला सांगितली नव्हती. हा स्पंज जिवंत प्रवाळावर पसरतो. पातळ थर, दिसायला सुंदर. खालच्या प्रवाळाला उजेड मिळत नाही आणि ते गुदमरून मरतं. वर्णनात हे लिहावंच लागतं.

मसुदा वाचून माझे वरिष्ठ म्हणाले, "अहो, घरच्या माणसाचं नाव असल्याला? चिडतील ना."

"वारली ती."

"मग एखादा चांगला स्पंज सापडेपर्यंत थांबा."

नाही थांबणार. आमच्या शास्त्रात कुणी सापडलेल्या जिवाला स्वतःचं नाव ठेवत नाही, दुसऱ्याने ठेवावं लागतं. आणि एकदा रीतसर ठेवलं की आवडलं नाही म्हणून मलाही पुसता येत नाही. उद्या तुझंच नाव जाईल. जमना. नावाचं कारण लिहायच्या जागी लिहीन, 'लेखिकेची आत्या'. लगेच खाली येईल: स्पर्शाने दाह होतो, जिवंत प्रवाळ झाकून मारतो. यातला एकही शब्द मी मऊ करणार नाही, हे माझं वचन. तुझं नाव वाचेल त्याला हेही वाचावं लागेल.

शाई अल्कोहोलमध्ये फुटते, म्हणून नमुन्याच्या बाटलीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहीन. झाकण लावण्याआधी बाटलीवर वाकेन आणि कुर्रर्र करून तुझं नाव एकदा सांगेन. मला सरक म्हणायला तिथे कुणी नसेल.

आणि पाठीत धपाटा घालायलाही.

तुझी भाची,
सुनंदा