डाव्या पायाचा बोल्ट

१२ नोव्हें., बुध.
धाकट्या भावाला, मिलिंदला जाऊन एकवीस दिवस. आज पोलीस ठाण्यातून त्याची सायकल सोडवून आणली. पुढचं चाक वाकलंय. पुढच्या फोर्कच्या, चाक धरणाऱ्या शॉकअपच्या, डाव्या पायाला तळाशी तेल. शेजारीच ब्रेकची चकती, तिच्यावरही तेल. तेलकट चकतीवर ब्रेक धरत नाही. मिलिंद पडला हर्सूलच्या पुढच्या उतारावर.
फोर्कची सर्व्हिसिंग मीच केली होती. विजयादशमीला, लेणीवर जाऊन आल्यावर. तेल बदललं, तळाचे दोन्ही बोल्ट आवळले. आवळले असावेत.

१४ नोव्हें., शुक्र.
आठवून पाहतोय. उजवा आवळला, पुसला. मग सुपरवायझरचा फोन. मग डावा. हाताने बसवल्याचं आठवतं. शेवटचा ताण दिल्याचं आठवत नाही.
कंपनीत आवळलेल्या प्रत्येक नटावर पिवळी रेघ मारतो. तेवीस वर्षं. त्या दिवशी मारली नाही. घरचंच काम.

१६ नोव्हें., रवि.
कळायचा एकच मार्ग. टॉर्क रेंच, ताण मोजणारा पाना, ठरलेल्या ताणावर लावून आवळायच्या दिशेने ओढायचा. बोल्ट न हलता टक् वाजलं, तर घट्ट होता. आधीच फिरला, तर सैल. हे एकदाच कळतं. एकदा फिरला की पुरावा गेला. म्हणून साधी एलन चावी लावून बघायची नाही.
कंपनीतला रेंच आणला. तो चाळीस न्यूटन-मीटरच्या खाली मोजत नाही. हा बोल्ट सात-आठचा.

१९ नोव्हें., बुध.
गुलमंडीच्या मागे सलीमभाईंचं सायकलचं दुकान. मि. तिथेच जायचा. माझा रेंच पाहून म्हणाले, "इत्ता बड्डा कायकू लाए? ट्रक खोलना है क्या?" मग मी कोण ते सांगितलं. त्यांनी चहा मागवला.
वीतभर लांबीचा रेंच काढून दिला, आठवड्यासाठी. रेंचच्या टोकाला लावायचं बिट गोल तोंडाचं नको म्हणाले, घसरतं आणि बोल्टचं डोकं खातं. सपाट तोंडाचं, पूर्ण आत बसणारं दिलं. पुढे फोर्क उघडायचा असेल तर आधी हवा सोडा. वरच्या झाकणाला पाना लावू नका, ते मऊ असतं. त्यासाठी कड घासून सपाट केलेला सॉकेटही दिला.
नुसतं पडून हा बोल्ट सैल होतो का, विचारलं. सहसा नाही म्हणाले. कोणी बसवला होता? मी म्हणालो, माहीत नाही.

२२ नोव्हें., शनि.
मि.ची बायको उज्ज्वला शेडमध्ये आली. मि. गेल्यापासून पहिल्यांदाच. फडक्यावर रेंच, बिट, सॉकेट मांडलेले. काय चाललंय विचारलं. फोर्क तपासतोय म्हणालो.
ती सायकलकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रोज ब्रेक दाबून बघूनच निघायचे. त्या दिवशी मी म्हणलं, आज नाय बघितलं. तर म्हणाले, दादानं केलंय, बघायचं काय त्यात."
रेंच लावला नाही.

२३ नोव्हें., रवि.
सकाळी तिला बोलावून सगळं सांगितलं. फोन, पिवळी रेघ, एकदाच कळतं ते. सायकल भिंतीला टेकवून बांधली होती. बिट बोल्टमध्ये बसवलं होतं. फक्त ओढायचं राहिलं होतं.
तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घट्ट निघाला तर तुम्ही सुटलात. सैल निघाला तर मी तुमच्या घरात कशी राहू, ते सांगा. माझं धाकटं पोरगं तुम्हाला मोठे बाबा म्हणतंय."

तिने रेंच हळूच काढून घेतला. बोल्ट हलला नाही, मी पाहत होतो. रेंच पदराने पुसला आणि घेऊन गेली. दारात थांबून म्हणाली, "मी सांगेन तेव्हा. तोवर हात लावू नका, दादा."

२६ नोव्हें., बुध.
सलीमभाईंना फोन केला. रेंच अजून काही दिवस लागेल. किती, त्यांनी विचारलं. म्हणालो, ते माझ्या हातात नाही.